फाटकापाशी गेलेली अकरा मिनिटे

आमच्या घरात त्या सकाळच्या तीन हकिकती प्रचलित आहेत आणि तिन्ही सदोष आहेत. भिलाईतल्याच रुआबांध्याच्या विहीणबाई लग्नाकार्यात सांगतात की, मी बहात्तराव्या वर्षी मालगाडीच्या दोन डब्यांमधून चढून पलीकडे गेलो. मुलाचे म्हणणे असे की, मी नुसता उभा राहिलो असतो तरी पाच मिनिटे आधी पोहोचलो असतो. सून काहीच सांगत नाही. ती "गणिताचा पेपर" एवढे म्हणते आणि थांबते. तिची हकिकत खोडणे सर्वांत अवघड, म्हणून सर्व लिहून ठेवतो.

मी चौतीस वर्षे मालगाडीचा गार्ड होतो. हल्ली त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. गाडी पूर्वीइतकीच उशिरा येते. गाडीला झालेल्या उशिराचे प्रत्येक मिनिट कोणाच्या तरी नावावर लिहावे लागते, हा रेल्वेचा शिरस्ता बाहेरच्यांना ठाऊक नसतो. इंजिनवाले ते सिग्नलवर ढकलतात, सिग्नलवाले यार्डावर, यार्डवाले गार्डावर. चौतीस वर्षांत माझ्या नावावर एकही मिनिट राहू दिले नाही. त्यासाठी मी तीन अधिकाऱ्यांशी भांडलो. पैकी एक पुढे माझ्या निरोप समारंभाला आले नाहीत. त्याचा मला खेद नाही.

नातीच्या दहावीच्या वर्षी तिचे वेळापत्रक मी आखले. शिकवणीच्या सरांनी तिला गणित शिकवले असा सुनेचा दावा आहे. सरांनी रीती शिकवल्या. एका प्रश्नावर किती मिनिटे थांबायचे हे मी शिकवले. पाच गुणांच्या प्रश्नाला आठ मिनिटे, सुटला नाही तर पुढचे स्टेशन. प्रवेशपत्रही माझ्याकडे असे. गाडीची कागदपत्रे गार्डाने सांभाळायची असतात, या न्यायाने मी ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून सदऱ्याच्या खिशात ठेवी आणि केंद्राच्या दारात तिच्या हाती देई. पहिले दोन पेपर या पद्धतीने निर्विघ्न पार पडले, याचा उल्लेख घरात कोणी करत नाही.

परीक्षा केंद्र लाइनीच्या पलीकडे होते. गणिताच्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा फाटक बंद झालेले होते. गाडी दिसत नव्हती. भिलाईत बंद फाटकाखालून वाकून जाणे हा नागरिकांचा हक्क समजला जातो. तिच्या वर्गातल्या चौघी तशाच गेल्या.

"आबा, चला ना. गाडी दिसून तर नाही राहिली."

"दिसत नाही म्हणजे येत नाही, असं नाही. सिग्नल दिलेला आहे."

"सब जा रहे हैं, आबा. मॅथ्स आहे आज."

"जाऊ दे त्याईले. तू थांब."

ती थांबली. घड्याळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि वाकून निघून गेली. दोन्ही रूळ ओलांडून पलीकडच्या दांड्याशी पोहोचल्यावर तिला आठवण झाली. तिने हात पुढे केला आणि ओरडली, "आबा, कार्ड!"

आता जे कोणत्याही हकिकतीत नाही ते सांगतो. इंजिन अजून वळणावर होते. मी दांड्यापर्यंत जाऊन पाकीट गेटमनच्या हाती देऊ शकलो असतो. तो फाटकाच्या आत, माझ्यापासून चार पावलांवर, हिरवी झेंडी घेऊन उभा होता. मी ते केले नाही. मी म्हणालो, "आधी इकडे परत ये. फाटक उघडल्यावर रीतसर जाऊ." ती परत आली नाही. मग इंजिन आले आणि आमच्यामध्ये नंदिनीच्या खाणीकडे जाणारा, चुनखडीच्या रिकाम्या डब्यांचा रेक उभा राहिला. उभाच राहिला. पुढचा सिग्नल लाल होता.

डब्यांमधून चढून जाणाऱ्याचे काय होते, याचा अहवाल मी नोकरीत एकदा लिहिला आहे. विहीणबाईंनी तो वाचलेला नाही. मी गाडीच्या शेपटीकडे चालू लागलो. एकेचाळीस डबे मोजले. खडीवर गुडघा दुखत होता, पण तो मुद्दा नाही. शेवटच्या डब्यात एक तरुण गार्ड बसला होता.

"काकाजी, इधर किधर?"

"गार्ड होतो मी. मागून पलीकडे जाऊ द्या. नातीचा पेपर आहे."

हेलावरून तो आमच्या नागपूरकडचाच असावा. "जा, पण सांभाळून," तो म्हणाला. अशी परवानगी देण्याचा अधिकार त्याला नव्हता आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मी मागून पलीकडे गेलो आणि गाडी सुटली. मी अर्ध्या वाटेवर असताना फाटक उघडले. मुलाचा हिशेब इथवर बरोबर आहे. मात्र तो हिशेब गाडी सुटल्यानंतरचा आहे, हे तो सांगत नाही.

केंद्रावर पोहोचलो तेव्हा नात आत बसून लिहीत होती. केंद्राध्यक्ष बाईंनी तिच्याकडून लेखी निवेदन घेऊन, यादीतला फोटो ताडून, पेपर सुरू झाल्यावर अकरा मिनिटांनी तिला बसू दिले होते. निवेदन त्यांनी मला दाखवले. प्रवेशपत्र मी घरी विसरले, चूक माझी आहे, असे तिने हिंदीत लिहून खाली सही केली होती.

मी म्हणालो, "ही नोंद खोटी आहे."

"बाबूजी, बच्ची लिख रही है. कार्ड दीजिए और घर जाइए."

"ही अकरा मिनिटं तिच्या नावावर राहून राहिली. ती तिची नाहीत."

"इसे कोई पढ़ेगा नहीं, बाबूजी."

गाडीच्या वेळा नोंदवायची माझी जर्नलेही कोणी वाचत नसे. बाईंनी अखेर पेन दिले, बहुधा मी जावे म्हणून. मी खाली लिहिले: प्रवेशपत्र माझ्या ताब्यात होते. देता येत असताना दिले नाही. उशीर अकरा मिनिटे, माझ्या नावावर. सही, वेळ.

पेपर सुटल्यावर ती बाहेर आली. शेवटच्या प्रश्नाचा उत्तरार्ध राहिला होता. तो तिला येत होता, हे मला माहीत आहे. मीच तो तिच्याकडून चारदा सोडवून घेतला होता. मी निवेदनाची गोष्ट सांगितली.

"मी तुमच्यासाठी खोटं लिहिलं, अन् तुम्ही ते खोडून आले?"

"खोडलं नाही. खाली लिहिलं."

आम्ही फाटकापर्यंत आलो. ते उघडे होते. रूळ ओलांडून झाल्यावर तिने विचारले, "किती मिनिटं लिहिली?"

"अकरा."

"बारा होती. मी घड्याळ बघून राहिली होती."

मी वाद घातला नाही.