विठ्ठलासमोरचं शून्य

मामांना तुम्ही काहीही विचारा, उत्तर एकच. "नडीतदे." मशीनवरून मान वर नाही, नजर वर नाही. डाव्या हाताची दोन बोटं कापडावरून जराशी उचलायची, परत ठेवायची आणि म्हणायचं, "नडीतदे." म्हणजे कानडीत, चाललंय. धंदा कसा आहे, नडीतदे. तब्येत कशी आहे, नडीतदे. माझा ब्लाउज झाला का, त्यालाही नडीतदे. हे शेवटचं उत्तर आलं की आपण खुशाल समजावं, कापडाला अजून कात्रीसुद्धा लागलेली नाही.

म्हैसुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे राहायची खोली. शिंप्याचं घराणं, विठ्ठलाचं भक्त, आणि म्हैसुरात इतक्या पिढ्या मुरलेलं की मूळ गाव कुठलं हे मामांनाही सांगता यायचं नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन नंजनगूडला. मी साताऱ्याची, नोकरीसाठी इकडे आलेली. पहिल्या दिवशी दुकानात मराठी ऐकून माझा जीव भांड्यात पडला. मग लक्षात आलं, त्यातली निम्मी कानडीच आहे. "स्वल्प थांबा अम्मा, बाही जोडून देतो." मला, म्हणजे त्यांच्या मुलीच्या वयाच्या बाईला, ते अम्मा म्हणायचे. आधी राग यायचा. मग त्याशिवाय करमेना.

मामांची मशीन पायडलची. गिऱ्हाइकं सांगून दमली की मोटर बसवा, गुडघ्यांची वाट लागलीय. मामांचं म्हणणं, मोटर आपल्या मर्जीने पळते, पाय माझं ऐकतो. शेवटी उजवा गुडघा ऐकेनासा झाला. उठताना मशीनला धरून उठायचे, आणि उठले की थोडा वेळ तसेच उभे राहायचे, जणू काही आठवतंय. मुलीने हट्ट धरला आणि गुडघा बदलायचं ठरलं.

आता इथे माझा संबंध येतो. मी इथल्याच हेब्बाळ भागातल्या ज्या कंपनीत आहे ती हाडांच्या दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम बनवते, आणि मामांच्या दवाखान्यात आमचाच प्रोग्रॅम होता. काम साधं. ऑपरेशन झालेला माणूस घरी गेला की गुडघ्यावर एक पट्टा बांधायचा. गुडघा किती वाकतोय ते पट्टा फोनला सांगतो. शिवाय फोन रोज सकाळी विचारतो, आज किती दुखतंय, शून्य ते दहा. हे सगळं दवाखान्यातल्या फिजिओ मॅडमना बसल्या जागी दिसतं. घरातल्या एका माणसालाही बघता येतं. मुलगी लांब, म्हणून त्या जागी मामांनी माझं नाव दिलं. न विचारता. मला दवाखान्यातूनच कळलं की मी त्यांच्या घरचं माणूस आहे. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

मामा ऑपरेशन होऊन घरी आले तसा पट्टा मीच बांधून दिला, फोन मीच लावून दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून उत्तरं यायला लागली. शून्य. परत शून्य. रोज शून्य. मी ऑफिसात मिरवत होते. बघा, आमचे मामा. फिजिओ मॅडमही खूश. दुखत नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या कमी केल्या.

पण गुडघा काही वाकेना. फोनवरची त्याची रेघ जिथे होती तिथेच. मॅडमनी फोन करून विचारलं, मामा, व्यायाम करताय ना, तर उत्तर ठरलेलंच. पुढच्या तपासणीला मी बरोबर गेले. डॉक्टरांनी पाय हातात घेतला, वाकवून बघितला आणि स्पष्ट सांगितलं की अजून काटकोनसुद्धा होत नाही. पुढच्या खेपेपर्यंत असाच राहिला तर परत भूल देऊन तो मोकळा करावा लागेल, आणि तरीही पूर्ण वाकेल याची खात्री नाही.

मामांनी कानडीत डॉक्टरांना एवढंच विचारलं की मशीनवर बसायला गुडघा किती वाकावा लागतो. डॉक्टर म्हणाले, निदान काटकोन तरी हवाच.

रिक्षात मी विचारलं, मामा, काय झालं. त्या दिवशी बोटं उचलली नाहीत, नडीतदे नाही. "अम्मा, मशीन सुटली तर दिवसभर करू काय मी?" एवढंच म्हणाले आणि बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या बसआधी मी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. मामा आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून, खुर्चीवर बसून टाळ वाजवत होते. समोर फळीवर विठ्ठलाची तसबीर आणि तसबिरीला टेकून ठेवलेला फोन. फोनच्या पडद्यावरही विठ्ठलच. तेवढ्यात तो फोन वाजला आणि त्याने विचारलं, आज किती दुखतंय. मामांनी टाळ खाली ठेवले, हात जोडले आणि शून्य दाबलं.

मी कपाळाला हात लावला. मामा, हे काय केलंत, खरंच दुखत नाही का? दुखतंय की, ते शांतपणे म्हणाले, रात्री पाय कुठे ठेवू कळत नाही. मग शून्य का दाबलं? तर माझ्याकडे असं बघितलं जणू मीच काही भलतं बोललेय. मग तसबिरीकडे हात केला.

"तो बघा, युगानुयुगं विटेवर उभा आहे. त्यानं कधी म्हटलं का, माझा गुडघा दुखतो? आणि मी सकाळी सकाळी त्याच्या तोंडावर रडगाणं गाऊ?"

पाच वर्षं हा प्रोग्रॅम आम्ही घासतोय. भाषा घातली, अक्षरं मोठी केली, आवाज घातला. पण कुणी पूजेच्या वेळी विठ्ठलासमोर बसून उत्तर देईल आणि त्याच्याकडे तक्रार नको म्हणून खोटं बोलेल, हे कुणाच्या बापाला सुचणार होतं? मी तावातावाने समजावलं. शून्य सांगता म्हणून गोळ्या कमी झाल्या, गोळ्या नाहीत म्हणून व्यायामाला दुखतं, दुखतं म्हणून तुम्ही वाकवत नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं. पण म्हणाले, देवासमोर नाही म्हणजे नाही.

ऑफिसात मी सांगितलं की प्रश्नाची वेळ माणसाला बदलता आली पाहिजे. एका म्हाताऱ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं एकजण म्हणाला. त्याला मी जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. वेळ बदलता येऊ लागली. मामांची मी दुपारच्या कॉफीची ठेवली, आणि फोन दुकानातल्या कात्रीशेजारी ठेवायला लावला.

पहिल्याच दुपारी उत्तर आलं, आठ. फिजिओ मॅडमचा मामांना पाठोपाठ फोन गेला. डॉक्टरांनी गोळ्या पूर्वीसारख्या केल्या आणि व्यायामाच्या थोडं आधी घ्यायला सांगितल्या. आठाचे सात झाले, साताचे पाच. रेघ वर सरकायला लागली. मी आपली रोज दुपारी काम सोडून ती रेघ बघत बसायची.

मग एके दिवशी मॅडमनी मला फोन केला. म्हणाल्या, पट्टा बिघडलेला दिसतोय. दुपारभर गुडघा सारखा जरासा खाली, जरासा वर, न थांबता. असा कुठलाच व्यायाम दिलेला नाही. संध्याकाळी मी तशीच दुकानावर गेले. शटर अर्धं खाली, आतून ओळखीचा आवाज. वाकून बघते तर मामा मशीनवर. उजवा पाय पायडलवर, गुडघ्यावर पट्टा, सुईखाली जुनं धोतर. शिवत काहीच नव्हते, नुसते टाके घालत होते. चोरी पकडल्यावर पोर बघतं तसं बघितलं आणि म्हणाले, "व्यायामच आहे, अल्वा? हो की नाही?"

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या की स्वल्प स्वल्प करायला सांगा, मध्ये मध्ये उठून चाला.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी गुडघा वाकवला आणि तो काटकोनाच्या पुढे गेला. भुलीचं नाव निघालं नाही. डॉक्टरांनी विचारलं, आता कसं वाटतं. मामांची दोन बोटं उठली. त्यांच्याबरोबर मीही मनातल्या मनात म्हटलं, नडीतदे.

पुढे मुलीने त्यांना नंजनगूडला न्यायचं ठरवलं. तिथे तिच्या घराला पुढे एक खोली आहे, मशीन मावण्याएवढी. टेंपो यायच्या आदल्या दिवशी मामा आमच्याकडे आले. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिना चढून आले, एका हातात माझा ब्लाउज. कापड दिलं होतं दिवाळीला, आणि आता गौरी-गणपती जवळ आले होते. कॉफी घेतली आणि फोन पुढे केला.

म्हणाले, वेळ परत सकाळची करून द्या.

मी म्हटलं, मामा, आता कशाला? पुन्हा देवासमोर खोटं बोलायचंय का?

"छे छे," मामा म्हणाले. "आता दुखत नाही, अम्मा. आता त्याच्यासमोर खरंच सांगतो की."

दुकानात हल्ली मोबाइलची कव्हरं विकतात. ब्लाउज शिवायला मी बसने लांब जाते, तिथली बाई वेळेवर देते, आणि मला त्याचं काही कौतुक वाटत नाही. दवाखान्याचं मामांवरचं लक्ष अजून सुरू आहे आणि घरच्या माणसात माझं नाव अजून आहे. सकाळी कुकर लावताना ओट्यावरचा फोन एकदा वाजतो. ओले हात पदराला पुसून मी बघते. नंजनगूडहून शून्य आलेलं असतं.