मोखाड्यात मी एक निब घासली

जव्हार-मोखाड्याला जाऊन आले त्याला महिना होऊन गेला. ब्लॉगवर नेहमी येणाऱ्या दोघांतिघांनी विचारलं, फोटो कुठे आहेत? फोटो आहेत, पण टाकणार नाही. जे झालं ते मात्र लिहिते. इथे येणारे बहुतेक जण माझ्यासारखेच शाईच्या पेनांचे वेडे आहेत, आणि मी केलं ते त्यांच्यापैकी कुणीही करू शकेल.

नाशिकला माझं औषधांचं दुकान आहे. माल पोचवायला येणारा टेम्पोवाला जव्हारचा. गल्ल्यावर मी पेन धुवत बसलेली बघून एकदा म्हणाला, "म्याडम, आमच्याकडे एका स्टेशनरीच्या दुकानात असली पेनं अजून कपाटात पडून आहेत. कोणी घेत नाही." न वापरलेली जुनी पेनं! मला त्या रात्री धड झोप लागली नाही. दिवाळीनंतर दोन दिवस दुकान बहिणीवर सोपवलं आणि निघाले.

रस्ता सांगून ठेवते. नाशिकहून त्र्यंबकेश्वर, पुढे तोरंगणचा घाट, मोखाडा, मग जव्हार. चहापाण्यासकट तीन तास धरा. पेट्रोल त्र्यंबकलाच भरा. घाटानंतर रस्ता मधूनमधून उखडलेला आहे, पण भात कापून झालेलं असतं, उतारांवर नागली पिवळी पडलेली असते, त्यामुळे गाडी हळू चालवायचं वाईट वाटत नाही. एसटीने येणाऱ्यांनी मोखाड्याला उतरून जीप धरावी. ती भरल्याशिवाय सुटत नाही.

जव्हारला दुपारी पोचले. लॉजची खोली स्वच्छ होती, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच. संध्याकाळी शिरपामाळला गेले. महाराजांचा मुक्काम झाला होता म्हणतात ती जागा. वारा छान होता. दोन कुटुंबं वेफर्स खात बसली होती. खरं सांगायचं तर माझं लक्ष दुकानाकडे लागलं होतं. सहा वाजायच्या आत मी परत गावात होते.

दुकानदार सत्तरीचे, पांढरा सदरा, कानावर बॉलपेन. कपाटातून त्यांनी पाच पेनं काढली. तीन फुटलेली, दोन चांगली: जुन्या एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची. ती दोन विकत घेतली, खोलीवर नेऊन ड्रॉपरने शाई भरली आणि सोबत आणलेल्या एका जर्मन आणि एका जपानी पेनाशेजारी लिहून पाहिलं. जपानी पेन काचेवरून घसरल्यासारखं पळतं. एबोनाइटचं जरा अडून, विचार करून चालतं, पण तासाभरानंतरही बोटं दुखत नाहीत. अशा तुलनेची पानंच्या पानं मी भरते, तुम्हाला माहीत आहे.

तिथंच थांबायला हवं होतं. पण दुकानातून निघताना शेठ म्हणाले होते, "पेनाचीच आवड असेल तर मोखाड्याला काशिनाथकडे जा. तहसीलच्या बाहेर अर्ज लिहितो. माझ्याकडे शाईची बाटली आता फक्त त्याच्यासाठी येते."

दुसऱ्या दिवशी मोखाड्याचा बाजार होता. सुकी मासळी, मिरच्या, बांबूच्या टोपल्या, कपड्यांचे ढीग. एका टपरीवर मिसळ खाल्ली, तिखट आणि उत्तम. तहसील कार्यालयाच्या कुंपणाला लागून, झाडाखाली एक लाकडी टेबल होतं. त्यामागे काशिनाथकाका. बारीक, काळेसावळे, वय एकाहत्तर. घरच्यांकडे कधी जमीन नव्हती. वडील वीटभट्टीवर, हेही वीटभट्टीवर, मग ठाण्याला बिगारी. सातवीपर्यंत शिकलेले. उजव्या हाताचं पहिलं बोट तरुणपणी यंत्रात सापडून आखडलं ते सरळ झालंच नाही.

"म्हणून शाईचं पेन," ते म्हणाले. "बॉलपेन दाबावं लागतं. मला दाबता येत नाही. ठाण्याला फुटपाथवर घेतलं होतं हे. चाळीस वर्षं झाली असतील."

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. काळं एबोनाइट उन्हाने तपकिरी झालेलं, टोपणाची क्लिप गेलेली, तिथे तांब्याची तार गुंडाळलेली. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलेच. आम्ही अर्धा तास पेनांवर बोललो. माझं जर्मन पेन त्यांनी उन्हात फिरवून पाहिलं. "जड आहे," म्हणाले, "पण दिसायला नवरीसारखं आहे." आणि हसले.

मग पोशेऱ्याहून देवकीबाई आल्या. त्यांना अर्ज लिहून हवा होता. "काका, पोरीचा नाव चुकीचा पडलाय," त्यांनी कागद पुढे केला. मुलगी सविता, दाखल्यावर सरिता. वसतिगृहाचे कागद दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. अर्जासोबत दाखल्याची झेरॉक्स लागणार होती. काका म्हणाले, "ताई, बसा जरा, मी हिला झेरॉक्स काढून देतो. ती एकटी गेली की झेरॉक्सवाले ताटकळत ठेवतात." आणि दोघं गेली.

पेन टेबलावर होतं. मी माझ्या वहीत एक ओळ लिहिली. खरखर झाली. पिशवीतून भिंग काढून पाहिलं, तर निबेचं टोक एका बाजूने सपाट झिजलेलं, कडेला धार आलेली. माझ्या पिशवीत निब गुळगुळीत करायचा बारीक पॉलिश पेपर कायम असतो. अनोळखी माणसाचं पेन, न विचारता. पण तेव्हा ते असं वाटलं नाही. वाटलं, परत येतील तेव्हा खूश होतील. पाच-सहा मिनिटं मी टोक त्या कागदावर आठाच्या आकड्यात फिरवलं. धार गेली. ओळ लोण्यासारखी उमटली. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचं कौतुक वाटलं.

काका परत आले, बसले, कागद सरळ केला. आखडलेलं बोट बाजूला ठेवून ते पेन पार आडवं, कुशीवर वळवून धरायचे. मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते तेव्हा. 'प्रति' लिहायला गेले. 'प्र' उमटला नाही. पुन्हा गिरवला. नुसता ओरखडा. पेन झटकलं, शाईचा थेंब पडला. दुसरा कागद घेतला. तेच.

मी म्हटलं, "काका, मी जरा घासली निब. खरखरत होती."

त्यांनी मान वर केली. "तुमच्या हाताला खरखरत होती."

एवढंच. आवाज चढला नाही. चाळीस वर्षं त्यांच्या हाताने त्या टोकाला जो उतार दिला होता, तो मी घालवला होता.

मी माझी तीन पेनं पुढे केली: जर्मन, जपानी आणि आदल्या दिवशी घेतलेल्या दोनांतलं एक. त्यांनी एकेक वापरून पाहिलं. जपानी त्या कोनात लिहीतच नव्हतं. जर्मन लिहायचं, पण अर्जाच्या स्वस्त कागदावर शाई अशी फुटायची की अक्षराला पाय यायचे. तिसरं अडखळत होतं. दर वेळी त्यांनी टोपण नीट लावून पेन परत दिलं.

"छान आहेत. माझ्या कामाची नाहीत."

देवकीबाई कागद धरून उभ्या होत्या. ऑफिस जेवणाच्या सुट्टीला बंद व्हायची वेळ आली होती. शेवटी शेजारच्या चहावाल्याचं बॉलपेन घेतलं, काकांनी मजकूर सांगितला आणि मी लिहिला. कुठे 'सविनय' येतं, कुठे तारीख, कुठे अंगठा, त्यांना सगळं पाठ. माझ्याकडून एक ओळ चुकली, पुन्हा लिहावं लागलं.

देवकीबाईंनी विचारलं, "काका, तू का नाय लिवत? हात दुखतो का तुझा?"

"हां," काका म्हणाले. "आज दुखतो."

अर्ज आत घेतला गेला. देवकीबाई पोच दाखवायला परत आल्या, मग जीपकडे पळाल्या. मी म्हटलं, मुंबईत एक दुरुस्तीवाले ओळखीचे आहेत, पेन द्या, मी स्वतः नेऊन आणते. काकांनी पेन खिशात घातलं आणि वरून हात ठेवला. "आता आणखी काय करायचं राहिलंय त्याला?"

परतीचा घाट कसा चढले आठवत नाही. त्र्यंबकला गाडी थांबवून त्या दुरुस्तीवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "घासलेलं परत चढत नाही, ताई. नवीन टोक बसवता येईल. पण त्यांच्या हाताला लागायला परत तेवढीच वर्षं घालवावी लागतील."

पेनवाल्यांच्या ग्रुपवर मी सगळं लिहिलं. एकाने उत्तर दिलं, तांत्रिकदृष्ट्या तू बरोबरच केलंस, निब खराबच होती. त्याखाली अकरा अंगठे. मी ग्रुप सोडला नाही. रागाने सोडायला मी त्यांच्यापेक्षा वेगळी आहे कुठे?

गेल्या आठवड्यात जव्हारच्या शेठकडून काकांचा नंबर मिळवून फोन केला. सुनेने उचलला. "बाबा आता तिकडं बसत नाहीत. टेबल घरी आणलं." मग काका फोनवर आले.

"ताई, बऱ्या आहात? वाईट वाटून घेऊ नका. तसंही सगळे अर्ज टाइप करायला कम्प्युटरवालीकडेच जातात आता."

मी म्हटलं, देवकीबाई तर तुमच्याकडे आल्या होत्या.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे किती पेनं आहेत म्हणालात?"

"एकशे बारा."

"अरे बाप रे." खरंच कौतुकाने म्हणाले. "आणि लिहिता काय त्यानं?"

टोमणा नव्हता. त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी टेबलावरच्या वहीकडे पाहिलं. पानामागून पान तेच होतं: हे पेन कसं चालतं, ते पेन कसं चालतं.

"काही विशेष नाही, काका," मी म्हटलं.