अमेरिकेतला नवा जीएम

माझं शिक्षण आठवीपर्यंत, जीएम म्हटलं की मला रेल्वेचा मोठा साहेबच दिसायचा. आमच्या ह्यांचा जीएम मात्र अमेरिकेतला, फुटबॉलच्या टीमचा, तेही हाताने फेकायचं ते फुटबॉल. तो स्वतः खेळत नाही, शिकवतही नाही, पण कोणाला घ्यायचं, कोणाला घरी पाठवायचं, सगळं तोच ठरवतो. त्याच्यासाठी हे आणि आणखी तिघं इथे हैदराबादेत बसून मॅचच्या व्हिडिओतून एकेका खेळाडूचा खेळ वेगळा काढून देतात.

टीम हरतच गेली, मालकाने जीएमलाच काढलं. हे सकाळी शिफ्टवरून आले नि बुटासकट खाटेवर बसले. "नवा येईल तो आपली माणसं आणेल."

पोरगी अंगावर पिणारी, घरभाडं, सगळं माझ्या डोळ्यापुढे. सासूबाईंचा विद्यानगरहून फोन, "नवा साहेब आला की हार-पेढे घेऊन भेटायचं असतं गं, तुझ्या सासऱ्यांनी तशीच नोकरी काढली." मी खरंच सुलतान बाजारातून अत्तर आणलं! हे म्हणाले, "फोनमधून लावू का त्याला?"

हिमायतनगरच्या वहिनीचा नवराही ह्यांच्या त्या चौघांतलाच. मला इथे बोलायला ती एकटीच. ती म्हणाली, "ये इकडे, दोघी मिळून घाबरू."

मग एका सकाळी नव्या जीएमचा व्हिडिओ कॉल. पोरगी रडेल म्हणून तिला घेऊन मी जिन्यात बसले. खालच्या तेलुगू अम्माने विचारलं, "बाहेर कायकू बैठे मा?"

"साब से बातां चलरे, अम्मा."

दार उघडलं. "राहिली नोकरी," हे म्हणाले, पण तोंड उतरलेलं. "दोघंच ठेवतोय. दुसरा कोण, ते मलाच सांगायला लावलं."

"मग?"

"हिमायतनगरच्याचं नाव नाही घेतलं मी. काम कच्चं आहे गं त्याचं."

दुपारी वहिनीचाच फोन. "आमचं गेलं गं. तुमचं?"

"राहिलं."

ती म्हणाली, "बरं झालं बाई, एकीच्या घरी तरी राहिलं." अगदी मनापासून म्हणाली.

अजून फोन करते ती, "काय गं, विसरलीस का?" मी म्हणते, पोरगी झोपलीय वहिनी, नंतर बोलते. पोरगी मांडीवर टकाटका बघत असते.