साहित्य : लेझीम

पाठाच्या टाचणांपलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेले नाही, आणि तीही कधी धड उतरली नाहीत. तरी आठवणी लिहायला बसलो, याबद्दल वाचकांनी आधीच क्षमा करावी.

साठ सालानंतर केव्हातरी मी निपाणीकडच्या खेड्यातून बंगळूरला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात आलो. घरात कॉलेज पाहणारा मी पहिला. वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करत. गावच्या हायस्कुलात ड्रिलमास्तरची जागा रिकामी होती आणि "पोरगा पास होईपर्यंत थांबतो," असा शब्द हेडमास्तरांनी वडिलांना दिला होता.

"खेळायचं बी शिकाय लागतंय व्हय?" वडील हसून विचारत.

खेळायचे नाही, टाचण काढायचे शिकावे लागे. उद्देश, साहित्य, हालचालींचा क्रम, मुले कोठे उभी राहणार त्याची आकृती. सगळे लिहून अध्यापकांची सही घ्यायची. सही झाल्यावर बदल चालत नसे. माझी टाचणे बहुधा परतच येत.

"मैदानात खड्डा आहे. तुझ्या कागदावर तो बुजवला कुणी?" अध्यापक कन्नडमधून विचारत, आणि वर्ग हसे.

म्हणून परीक्षेच्या पाठासाठी मी मला खात्रीने येणारी गोष्ट घेतली. साहित्याच्या ओळीत लिहिले, लेझीम. सही लगेच मिळाली. पाठ बंगळूरमधल्या एका शाळेत द्यायचा होता; तिथे लेझीम आहे का, हे विचारायचे माझ्या मनातही आले नाही. आमच्याकडे छप्पर गळणाऱ्या शाळा होत्या, पण लेझीम नसलेली शाळा मी पाहिली नव्हती.

परीक्षेच्या सकाळी शिपायाने साहित्याची खोली उघडली. आत डंबेल्स होते, काठ्या होत्या.

"ते तसलं इथं नसतं, सार," तो म्हणाला.

परीक्षक झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. काठ्या घेऊ का, असे मी विचारले.

"टाचणात काय आहे?"

"लेझीम."

"मग लेझीम घ्या."

मी मुलांना रिकामे हात पुढे धरायला सांगितले आणि तोंडानेच ताल धरला. मुले वाकली, उठली, पाय टाकू लागली.

"सार, याचा आवाज कुठाय?" एकाने विचारले.

"सारांच्या तोंडात!" मागून कुणीतरी म्हणाले. सगळी रांग हसली. परीक्षकांनी मान वर केली नाही.

मी नापास झालो. पाठ पुढच्या वर्षी पुन्हा द्यायचा होता. घरी कळवायचा धीर होईना. हेडमास्तर आणखी वर्षभर थांबतील का, एवढाच विचार डोक्यात घेऊन सुट्टीतही खोलीवर पडून राहिलो.

एका रविवारी आमच्या गावचा, बंगळूरच्याच कारखान्यात लागलेला एक जण गावी जाऊन आला आणि घरून दिलेल्या भाकऱ्या घेऊन खोलीवर आला. तो निघताना मी अडखळत विचारले, "हेडमास्तर थांबतील का रे अजून?"

चपलेत पाय घालता घालता तो थांबला.

"तुला ठावंच न्हाई? ती जागा दिवाळीतच भरली की. पोराची परीक्षा व्हईस्तवर कुणी बोलायचं न्हाई, असं तुझ्या बानंच समद्यांना बजावलं हुतं."