सत्तारभाईंचे त्रेपन्न सूर

बाभुळगावचे बाजाची पेटी दुरुस्त करणारे सत्तारभाई गेल्याचा फोन आला, तेव्हाही माझ्या मनात आधी शंकाच आली... मला बोलावून घ्यायची ही युक्ती तर नाही? दीड वर्ष आमचं बोलणं बंद होतं. शंकेखोर म्हणून यवतमाळच्या गायनवर्गांत मी प्रसिद्धच आहे.

वाद सूर लिहिण्याचा होता. कोमल गंधार लिहायचा तर आपण 'ग'खाली आडवी रेघ मारतो आणि मोकळे होतो. पण तो एका रागात खाली बसतो, दुसऱ्यात जरा वर, हे रेघेवरून कळत नाही. सत्तारभाईंनी सप्तकाचे त्रेपन्न सारखे भाग केले, तेवढ्या पट्ट्यांची पेटी स्वतः बनवली आणि प्रत्येक अक्षरावर आकडा टाकू लागले. "शास्त्रातल्या बावीस श्रुती कमी पडल्या का?" मी खवचटपणे विचारलं. "त्या लहानमोठ्या हायेत, गुरुजी. माप सारखं पायजे," ते म्हणाले. सातवी शिकलेला माणूस... हे कुणाचं तरी उचललेलं असणार, असंच मी धरून चाललो.

एकदा मी गायलो, त्यांनी लिहून घेतलं. माझ्या गंधारावर तेरा आला. वही मी घरी नेली, खोडरबराने तेरा पुसून चौदा लिहिला आणि आठवड्याने त्यांना तेच पान वाजवायला सांगितलं. त्यांनी पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट चौदा वाजवला. पकडलं! मी गायलेला सूर आणि हा, यांतला फरकच यांना कळत नाही, हे मी वर्गावर्गांतून सांगत सुटलो. मग त्यांच्याकडे सूर लिहून घ्यायला कुणी गेलं नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या फातेह्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीने, नसरीनने, ती वही काढली.

"अब्बा म्हणत, गुरुजीनं सोताच्या हातानं बदलवलं, म्हंजे त्यायचा सूर चढला असंन. त्यायले विचारू कसं, म्हणत. खरं काय हाय, काका? गाऊन दाखवा."

गायलो. तेच पान, तोच गंधार. तिने दोन-तीन पट्ट्या दाबून पाहिल्या आणि "तेरा" म्हणाली. पोरीने आधीच ठरवलं असेल, ही शंका तिथेही आली... मग मीच पट्टी दाबली. तेराच. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला सगळं सांगून टाकलं.

"मले सांगून काय उपेग? ज्यायले सांगतलं होतं, त्यायले सांगा."

म्हणून हे छापायला दिलं. सत्तारभाईंनी तेरा लिहिला होता. चौदा मी केला.