सरड्याची ऊब

बॉयलर मिस्त्रीने चाळीस वर्षं लोकांची घरं तापवली, पण बायकोने घरात हीटरचं नाव काढलं की म्हणायचा, “स्वेटर घाल.” मग लेक आपला पाळीव सरडा त्याच्या गळ्यात मारून परगावी गेली. पठ्ठ्याने सरड्याच्या काचपेटीत उबेसाठी दिवा लावला, तर उजेडाने त्याला झोप येईना. तळाशी गरम पट्टी घातली, तर त्याचं पोट भाजेल म्हणून ह्याचाच जीव खालीवर. शेवटी बिनउजेडाचा सिरॅमिक हीटर पेटीच्या एका टोकाला टांगला आणि दोन्ही टोकांना थर्मामीटर लावले.

“त्याला एक बाजू गरम लागते, एक थंड,” तो ऐटीत म्हणाला.

दोन स्वेटर घातलेली बायको उठली. तिने खुर्ची ओढून हीटरजवळ मांडली आणि ऐसपैस बसत म्हणाली, “थंड बाजू तुमची.”