उतारावरचं ॲव्हरेज

"आई, ब्रेक दाबला जात नाही," सुधाकर म्हणाला. समोर वळण होतं आणि वळणापलीकडे दरी. माझ्या या मुलानं डिझेल वाचवायला घाटाच्या उतारावर पिकअपचं इंजिन बंद केलं होतं. मागे कोबीच्या गोण्या. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, हे त्याला तेव्हा कळलं.

"आधी चावी फिरव, मग रड," मी म्हणाले.

विकणाऱ्यानं सांगितलेलं ॲव्हरेज ही गाडी कधीच देत नाही. ते रिकाम्या गाडीचं, सपाट रस्त्यावरचं. पण टपरीवर जो तो विचारतो, किती देते? किती वाहते, हे कुणी विचारत नाही. सून आणली तरी लोकांचं हेच, माहेरनं किती दिलं? मग कमी पडलेला आकडा सुधाकर त्या दिवशी उतारावर भरून काढायला निघाला.

इंजिन धडधडलं. ब्रेक लागला आणि गाडी कठड्याला घासत थांबली.

"आज लिटरला वीसच्या वर दिलं असेल बघ," तो म्हणाला.

"किती दिलं ते घरी जाऊन सांग. आता इंजिन चालू ठेव."

मी आणि सुधाकर, दोघंही जिवंत खाली आलो.